वीस गुणांचे इंग्रजी : उमरखेडहून दोन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, शालेय शिक्षण विभाग,
मा. मंत्री, कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नावीन्यता विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : परदेशातील नोकरीच्या व्हिसासाठी लागणारी भाषेची परीक्षा आणि तालुक्याच्या गावांतील मुले-मुली

आदरणीय मंत्रिमहोदय,



ब्रिटनने ८ जानेवारी २०२६ पासून कुशल कामगारांच्या व्हिसासाठी इंग्रजीची अट एक पायरी वर नेली आहे. आधी बी-१ पातळी पुरत होती, आता नव्याने अर्ज करणाऱ्याला बी-२ लागते. आयईएलटीएस परीक्षेच्या हिशेबात सांगायचे तर ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे या चारही भागांत पूर्वी ४ बँड चालत, आता प्रत्येक भागात साडेपाच हवेत. परिचारिकांना तर तिथल्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलची अट आधीपासूनच याहून कडक आहे : लेखनात साडेसहा आणि उरलेल्या तिन्ही भागांत सात. मी उमरखेड तालुक्यात माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवले. निवृत्तीनंतर संध्याकाळी माझ्या घरी जीएनएम, बी.एस्सी. नर्सिंग, फार्मसी झालेली मुले-मुली या परीक्षांच्या तयारीसाठी येतात. आयटीआय झालेलेही येतात. पोफाळी, ढाणकी, मुळावा, विडूळ अशा गावांतून येणारी ही मुले आहेत. त्यांच्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

सुरुवातीलाच सांगते, ब्रिटनने घातलेल्या अटीबद्दल माझी तक्रार नाही. रात्रपाळीच्या परिचारिकेला डॉक्टरने फोनवर औषधाची मात्रा सांगितली आणि तिने ‘फिफ्टीन’च्या जागी ‘फिफ्टी’ ऐकले, तर पेशंटच्या जिवाशी खेळ होतो. म्हातारा पेशंट आपले दुखणे स्वतःच्या बोलीत, अर्धवट शब्दांत सांगणार आणि ते समोरच्या मुलीला कळले पाहिजे. उमरखेडच्या दवाखान्यात मराठीचा गंध नसलेला डॉक्टर आला तर आपणही कुरकुर करूच की. ज्या देशात जायचे त्या देशाची भाषा यावी, ही अपेक्षा रास्त आहे आणि ती पुढेही वाढतच जाणार. जर्मनीला जर्मन हवी, जपानला जपानी. माझी तक्रार आपल्याकडे आहे, कारण आपल्याच शाळांतून दहा-बारा वर्षे इंग्रजी शिकून बाहेर पडलेले मूल या परीक्षेच्या दारात पहिल्यांदा इंग्रजी ऐकते.

ही अतिशयोक्ती वाटेल, म्हणून एका संध्याकाळी काय झाले ते सांगते. जीएनएमला वर्गात पहिली आलेली एक मुलगी माझ्यासमोर बसली होती. मी श्रवणाच्या भागाची सरावाची फीत लावली. एक बाई फोनवर खोली आरक्षित करते आहे आणि आपला नंबर सांगते आहे. नंबरात ‘डबल फोर’ आले आणि मुलीचे पेन थांबले. दोन चार लिहायचे की चौरेचाळीस, की ‘डबल’ हा वेगळाच काही शब्द, या विचारात ती असतानाच फितीतली बाई पत्ता सांगून, तारीख सांगून पुढे निघून गेली होती. मुलीची सलग चार उत्तरे कोरी राहिली. “मॅडम, परत लावा ना,” ती म्हणाली. परीक्षेत परत लावत नाहीत. साधारण अर्ध्या तासात ४० प्रश्न आणि प्रत्येक फीत एकदाच. स्पेलिंग चुकले तर उत्तर गेले. दोनच शब्दांत लिहा म्हटले असताना तीन लिहिले तरी गेले. मग मी त्याच फितीचा मजकूर छापील कागदावर तिच्या हातात दिला. तिने तो घडाघडा वाचला, प्रत्येक वाक्याचा अर्थ मराठीत सांगितला, एका वाक्याचा कर्मणी प्रयोगही करून दाखवला. त्या पानावर तिला न समजलेला एकही शब्द नव्हता.

म्हणजे इंग्रजी तिच्या डोळ्यांत आणि हातात होते. तिच्या कानाला ते कोणी कधी दिलेच नव्हते.

बोलण्याच्या परीक्षेत तर याहून अवघड होते. परीक्षक समोर बसतो, अकरा ते चौदा मिनिटे गप्पा मारल्यासारखे प्रश्न विचारतो, मध्येच एक कार्ड देतो. त्यावरचा विषय वाचून एक मिनिट विचार करायचा आणि दोन मिनिटांपर्यंत सलग बोलायचे. विषय साधेच असतात : तुम्हाला आवडलेला एखादा प्रवास, तुम्हाला मदत करणारी एखादी व्यक्ती. वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकांना शांत करताना जिची जीभ एका शब्दालाही अडत नाही, तीच मुलगी इथे ‘माय नेम इज’नंतर खाली मान घालते. आधी मनात मराठी वाक्य रचायचे, मग त्याचे भाषांतर करायचे, मग त्याचे व्याकरण तपासायचे. तोवर दोन मिनिटे संपतात. कारण उघड आहे. तिच्या शालेय आयुष्यात चुकले तरी चालेल असे सांगून दोन मिनिटे इंग्रजीत बोलू देणारा तासच झाला नाही.

आमच्या भागातल्या मुलांना भाषा शिकायची कुवत नाही, असे कोणी म्हणत असेल तर त्यांनी एकदा इकडे यावे. तांड्यावरचे बंजारा मूल घरी गोरमाटी बोलते, शाळेत मराठी शिकते, बाजारात हिंदी बोलते. पैनगंगेच्या पलीकडे किनवटच्या बाजूला नातेवाईक असतील तर तेलुगूही कानावर पडलेली असते. कोलाम आणि गोंड मुलांचेही तसेच. सहाव्या वर्षी तीन भाषांत भांडू शकणारे मूल विसाव्या वर्षी चौथ्या भाषेत गप्प होते, तेव्हा दोष त्या चौथ्या भाषेच्या शिकवण्यात शोधला पाहिजे.

मा. शालेय शिक्षण मंत्री महोदय, आता आपल्याशी थोडे सविस्तर बोलते.

महाराष्ट्राने २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. निर्णय धाडसी होता आणि मी त्याच्या बाजूची होते. त्या वर्षी पहिलीत गेलेली मुले आज तिशी ओलांडून गेली आहेत. पंचवीस वर्षांत आपण कोणत्या इयत्तेपासून शिकवायचे, पुस्तक कोणते, रंगीत की साधे, सेमी की पूर्ण, हे सगळे ठरवले. या भाषेत मूल काय करू शकले पाहिजे, हे मात्र कधी तपासले नाही. दहावीच्या इंग्रजीत ८० गुण लेखी आणि २० गुण तोंडी व अंतर्गत. ते वीस गुण ऐकण्या-बोलण्यासाठी आहेत. प्रत्यक्षात ते कसे दिले जातात, हे राज्यातल्या प्रत्येक मुख्याध्यापकाला ठाऊक आहे आणि मंडळालाही.

याचा पुरावा आपल्याच निकालात आहे. मार्च २०१९ च्या दहावीला मंडळाने भाषा विषयांचे हे वीस गुण काढून टाकले आणि पूर्ण शंभर गुणांची लेखी परीक्षा घेतली. राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. पालक, शाळा, राजकीय पक्ष सगळ्यांनी ओरड केली. अकरावीच्या प्रवेशात इतर मंडळांची मुले पुढे जातील ही भीती खरी होती. पुढच्याच वर्षी वीस गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. त्याला इतर कारणेही होती, हे मला मान्य आहे. पण त्या सगळ्या गदारोळात, वर्तमानपत्रांत, विधिमंडळाच्या आवारात, शिक्षक संघटनांच्या निवेदनांत एक प्रश्न मी शोधत होते आणि तो मला कुठेच सापडला नाही : या वीस गुणांच्या बदल्यात मूल इंग्रजी ऐकायला आणि बोलायला शिकते का? निकाल वर नेण्याची शिडी म्हणून ते गुण काढले आणि तशीच ती शिडी परत लावली.

२०२५ मध्ये पुन्हा तेच पाहिले. पहिलीपासून हिंदी सक्तीचा शासन निर्णय १६ एप्रिलला निघाला, १७ जूनला तो बदलला, २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले. अडीच महिने सारा महाराष्ट्र भाषेवर बोलत होता. मराठीच्या बाजूने उभे राहणाऱ्यांचे मला कौतुक वाटले, मीही त्यांच्यातलीच. पण कोणती भाषा कितवीपासून, यावर जेवढे बोलले गेले त्याच्या शतांशानेही, जी भाषा शिकवतो ती मुलाला येते का, यावर बोलले गेले नाही. मराठीच्या तोंडी परीक्षेचीही गत इंग्रजीसारखीच आहे. आपले मूल चार लोकांत उभे राहून मराठीत तीन मिनिटे नीट मुद्दा मांडू शकते का, हेही आपण तपासत नाही.

यात शिक्षकांना दोषी धरू नका अशी विनंती आहे. साठ मुलांचा वर्ग, अभ्यासक्रम संपवण्याची घाई, निवडणुकीपासून पोषण आहारापर्यंतची कामे, रोज भरायची ऑनलाइन माहिती. त्यातही जिथे संधी मिळाली तिथे शिक्षकांनी काम केले आहे. २०१६ साली राज्य शासन, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट्स यांनी ‘तेजस’ नावाचा उपक्रम सुरू केला होता. इंग्रजीच्या शिक्षकांचे छोटे गट महिन्यातून एकत्र बसून एकमेकांना वर्गातले अनुभव सांगत आणि मुलांना बोलते करण्याच्या युक्त्या शिकत. उपक्रम येतात, त्यांची मुदत संपते, शिक्षक पुन्हा एकटा पडतो.

माझी पहिली मागणी या वीस गुणांबद्दल आहे. दहावीच्या इंग्रजीचा श्रवणाचा भाग मंडळाने स्वतः घ्यावा. एकच फीत, एकाच दिवशी, राज्यभर सगळ्या केंद्रांवर वाजवावी. लेखी प्रश्नपत्रिका पाठवता येते तर दहा मिनिटांची फीतही पाठवता येईल. बोलण्याची परीक्षा शेजारच्या शाळेच्या शिक्षकाने घ्यावी, आपल्याच शाळेच्या नव्हे. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे या परीक्षेचा उत्तीर्ण-अनुत्तीर्णाशी काही संबंध ठेवू नये. गुणपत्रिकेवर वेगळ्या रकान्यात पातळी छापावी : ए-१, ए-२, बी-१. युरोपापासून जपानपर्यंत भाषेची मापे अशा पातळ्यांतच सांगितली जातात, आपल्या मुलालाही सोळाव्या वर्षी आपण कोणत्या पायरीवर आहोत ते कळू द्या. निकालाच्या टक्केवारीला धक्का लागणार नसेल तर गुण फुगवण्याचे कारणही कोणाला उरणार नाही. ए-१ आले म्हणून कोणी नापास होणार नाही, पण बी-१ पासून आपण किती लांब आहोत ते कळेल आणि त्यासाठी हातात बरीच वर्षे असतील. आज हेच माझ्याकडे येणाऱ्या मुलीला तेविसाव्या वर्षी, वडिलांनी परीक्षेची फी भरल्यानंतर कळते.

मा. कौशल्य विकास मंत्री महोदय, आपल्या विभागाबद्दलही बोलायचे आहे.

आयटीआयच्या प्रत्येक ट्रेडला एम्प्लॉयेबिलिटी स्किल्स नावाचा विषय आहे आणि त्यात इंग्रजी संभाषणाचा भाग आहे. माझ्याकडे येणाऱ्या फिटर-वेल्डर मुलांना मी विचारले, या तासाला काय करता? बहुतेकांचे उत्तर एकच : वहीत उतरवून घेतो. आखाती देशांत जाणाऱ्या वेल्डरला व्हिसासाठी भाषेची परीक्षा लागत नाही, हे खरे. पण कामावरची सुरक्षेची सूचना इंग्रजीत असते, फोरमन फिलिपिनो किंवा इजिप्शियन असतो आणि त्याच्याशी बोलायची भाषा तीच. वहीत उतरवलेले इंग्रजी तिथे कामाला येत नाही. आयटीआयच्या कार्यशाळेतच, जॉब हातात असताना, “हे काय करतोयस, का करतोयस” हे इंग्रजीत विचारण्या-सांगण्याचा सराव झाला पाहिजे. त्यासाठी निदेशकांना प्रशिक्षण लागेल. वेगळा वर्ग किंवा वेगळी इमारत लागणार नाही.

इच्छा असली तर शासन भाषा शिकवण्याची जबाबदारी घेऊ शकते, हे आपण स्वतःच दाखवून दिले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुण पाठवायचे ठरले. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, सुतार, वाहनचालक, स्वयंपाकी अशी कामांची यादी आली आणि जर्मन भाषेचे प्रशिक्षण शासनाच्या खर्चाने देण्याचे काम शालेय शिक्षण विभागाकडे सोपवले गेले. त्या बातमीने आमच्याकडे किती घरांत आशा जागी झाली, हे मी जवळून पाहिले आहे. आयटीआयचा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मुले माझ्याकडे विचारायला आली, “मॅडम, जर्मन अवघड असते का?” मी त्यांना सांगितले की मेहनत केली तर अवघड काही नाही, फक्त मध्येच सोडू नका.

म्हणून माझी दुसरी मागणी हिशेबाची आहे. या करारानुसार किती जणांनी नोंदणी केली, किती जणांचे वर्ग सुरू झाले, त्यातले किती ए-१, ए-२, बी-१ उत्तीर्ण झाले आणि किती प्रत्यक्ष जर्मनीला पोहोचले, याची जिल्हानिहाय यादी दोन्ही विभागांनी मिळून जाहीर करावी. आकडा लहान निघाला तरी चालेल. लहान आकड्याची कारणे कळली तर पुढची मुले शहाणी होतील. कारणे झाकली गेली तर तीच मुले दलालाच्या दारात जातील.

आणि दलालांचे काय चालले आहे, हेही आपल्या कानावर घालते. जवळच्या एका गावातला बी.एस्सी. झालेला मुलगा माझ्याकडे आला. त्याला एका माणसाने ब्रिटनमध्ये केअर वर्करच्या कामाचा व्हिसा ‘बिना परीक्षेचा’ मिळवून देतो म्हणून सांगितले होते आणि वडील त्यासाठी शेतावर पैसे उचलायला निघाले होते. ब्रिटनने परदेशातून नवे केअर वर्कर घेणे २२ जुलै २०२५ पासूनच बंद केले आहे. आणि ते सुरू होते तेव्हाही भाषेची अट होतीच. एवढी साधी माहिती त्या बापापर्यंत पोहोचवणारा सरकारी माणूस तालुक्यात कोणी नाही. नोंदणीकृत भरती एजंटाने उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच घ्यायचे असतात, हा केंद्राचा नियम आहे. एजंटाची नोंदणी आहे की नाही हे ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येते. हे दोन मुद्दे मोठ्या अक्षरांत मराठीत छापून प्रत्येक एसटी स्टँडवर, पंचायत समितीत आणि आयटीआयच्या फाटकावर लावा. याला ना समिती लागते ना निविदा.

पैशाचा विषय थोडक्यात सांगते. आयईएलटीएसची फी सतरा-अठरा हजारांच्या घरात आहे. परिचारिकांची वेगळी ओईटी परीक्षा त्याहून महाग पडते. परीक्षेला आमची मुले नागपूर किंवा पुण्याला जातात. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेचे काम सुरू आहे, पण उमरखेडला गाडी अजून पोहोचलेली नाही, म्हणून रात्रीची एसटी. बोलण्याची परीक्षा कधीकधी लेखीपेक्षा वेगळ्या दिवशी असते, मग मुक्काम, आणि मुलगी असेल तर सोबत भाऊ किंवा वडील. एका भागात अर्धा बँड कमी पडला तर पुन्हा खर्च. निकालाची मुदत दोन वर्षे. कागदपत्रे आणि नोंदणी यांत ती दोन वर्षे कशी संपतात, ते कळतही नाही.

राज्य शासन अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना परदेशात उच्च शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती देते. त्या शिष्यवृत्तीने अनेक घरांचे भाग्य बदलले आहे आणि ती वाढवावी असेच मी म्हणेन. मग परदेशात शिकायला जाणाऱ्याला हात देणारे शासन परदेशात काम करायला जाणाऱ्याला का देत नाही? उमरखेड विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. इथल्या परिचारिका, लॅब टेक्निशियन, फिटर यांना लाखोंची शिष्यवृत्ती नको आहे. एका परीक्षेची फी परत मिळाली तरी पुरे. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ, वसंतराव नाईक विमुक्त जाती व भटक्या जमाती विकास महामंडळ, अण्णासाहेब पाटील महामंडळ यांच्या योजनांत भाषा परीक्षेची फी आणि प्रवासखर्च यांसाठी छोटे बिनव्याजी कर्ज बसवता येईल. नोकरी लागल्यावर मुलगी ते पहिल्या दोन-तीन पगारांत फेडेल. आणि सीईटी संगणकावर घेता येते अशी केंद्रे यवतमाळला आणि नांदेडला आहेतच. महिन्यातून एक दिवस या परीक्षांसाठी ती देऊ करावीत आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थांशी शासनाने बोलावे. मी एकटीने त्यांना पत्र लिहून उपयोग नाही, मंत्रालयाच्या पत्राला वजन असते.

इतर राज्यांचे उदाहरण दिले की आपल्याकडे राग येतो. तरी देते. केरळच्या नॉर्का रूट्स या सरकारी संस्थेने परदेशी भाषांसाठी स्वतःची संस्था काढली आहे. तिथे आयईएलटीएस, ओईटी आणि जर्मन शिकवतात. दारिद्र्यरेषेखालील आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना फी माफ आहे. जर्मनीच्या सरकारी संस्थांबरोबर त्यांचा ‘ट्रिपल विन’ कार्यक्रम २०२१ पासून आहे, त्यात परिचारिकांचे जर्मन प्रशिक्षण मोफत होते. केरळ लांब आहे म्हणाल तर तेलंगण आमच्या शेजारी आहे. तिथे टॉमकॉम ही सरकारी कंपनी जपान आणि जर्मनीसाठी मुले तयार करते, भाषेसह. पैनगंगेच्या आणि किनवटच्या पलीकडची मुले हे बघतात आणि अलीकडची आमची मुले मला विचारतात, “मॅडम, आपल्याकडे असे काही आहे का?”

आपल्यापैकी कोणी म्हणेल, आमच्या ग्रामीण रुग्णालयांत परिचारिका कमी पडतात, मग त्यांना परदेशी जायला शासनाने मदत का करावी? प्रश्न योग्य आहे आणि मी तो झटकून टाकत नाही. पण खासगी रुग्णालयात जीएनएम मुलीला महिन्याला काय मिळते, हे आपण एकदा चौकशी करून पाहावे, आणि सरकारी भरतीच्या जाहिरातीची ती किती वर्षे वाट पाहते तेही. रिक्त जागा भरल्या आणि पगार नीट दिला तर यातल्या कितीतरी मुली इथेच थांबतील, त्यांना आईवडिलांजवळच राहायचे आहे. भाषा न शिकवून त्यांना थांबवणे ही मात्र थांबवण्याची पद्धत नाही. शिवाय कान आणि जीभ तयार झालेली मुलगी पुण्याच्या, हैदराबादच्या मोठ्या रुग्णालयातही पुढे जाते. तो उपयोग फक्त विमानात बसणाऱ्यांचा नाही.

मराठीच्या अभिमानाला यात कुठेही बाधा नाही, हेही नोंदवते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला त्या संध्याकाळी माझ्या घरी आम्ही पेढे वाटले आणि नंतर तासभर इंग्रजीच्या फिती ऐकल्या. माझ्याकडची मुले घरी मराठीत किंवा गोरमाटीतच बोलतात आणि लंडनला गेली तरी आईला फोन करताना तशीच बोलतील.

मंत्रिमहोदय, आपण दोघे वेगवेगळ्या खात्यांत आहात आणि फाइल एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाताना काय होते, हे शासकीय नोकरी केलेल्या माणसाला सांगायची गरज नाही. या विषयाची अर्धी बाजू एकाकडे आणि अर्धी दुसऱ्याकडे असल्यामुळेच तो आजवर कुणाचाच झाला नाही. शाळा म्हणते, आमचे काम दहावीपर्यंत. आयटीआय म्हणते, मूल आमच्याकडे आले तेव्हाच त्याला इंग्रजी यायला हवे होते. नर्सिंग कॉलेज म्हणते, आमचे माध्यम इंग्रजीच आहे. कागदावर ते आहेही. पुस्तक इंग्रजी, शिकवणे मराठीत, परीक्षा पाठांतराची. तीन वर्षांच्या अशा इंग्रजी माध्यमानंतर मुलगी माझ्याकडे येते आणि ‘डबल फोर’ला अडते. दोन्ही खात्यांचे सचिव एका टेबलाशी बसवा आणि वैद्यकीय शिक्षण विभागालाही बोलवा, एवढीच विनंती मी आधी करते.

नवे शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होईल. मंडळाच्या तोंडी परीक्षेत बदल करायचा असेल तर त्याची पूर्वसूचना त्याआधी निघायला हवी, नाहीतर आणखी एक तुकडी तशीच पुढे जाईल. तेव्हा दोन गोष्टींचे लेखी उत्तर मिळावे ही नम्र अपेक्षा : दहावीच्या इंग्रजी श्रवण-संभाषणाची परीक्षा मंडळ स्वतः घेणार का, आणि घेणार असल्यास कोणत्या वर्षापासून, व जर्मनी कराराची जिल्हानिहाय आकडेवारी कधी जाहीर होणार. उत्तर आले की मी ते माझ्याकडे येणाऱ्या मुलांना वाचून दाखवीन आणि उमरखेडच्या आयटीआयच्या सूचनाफलकावरही लावण्याची विनंती करीन.

श्रवणाच्या सरावासाठी लागणाऱ्या फिती, प्रश्न आणि वर्गात मुलांना बोलते करण्याचे पाठ मी इतक्या वर्षांत जमवले आहेत. ते विभागाला हवे असतील तर विनामोबदला देईन. प्रशिक्षणासाठी यवतमाळला, अमरावतीला, जिथे बोलवाल तिथे येईन. माझ्यासारखे निवृत्त इंग्रजी शिक्षक प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांना विचारून पाहा, बहुतेक जण हो म्हणतील.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका
उमरखेड, जि. यवतमाळ